खताचा चहा आणि पुण्याचं ऊन

(सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यात, जानेवारी २०२५ मध्ये केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं करून दिलं आहे.)



आपली १९७५च्या दहावीची बॅच तशी ऐतिहासिक. त्या वर्षी महाराष्ट्रात जुनी अकरावी आणि नवी दहावी एकाच वेळी परीक्षेला बसली आणि कॉलेजच्या दारात आपण आणि आपल्यापेक्षा एक वर्ष मोठी मुलं एकदमच जाऊन उभी राहिलो. तेव्हापासून आपल्याला रांगेची सवय आहे. म्हणून आज बोलायलाही माझा नंबर नववा लागला आणि जेवणाची वेळ होत आली, याबद्दल माझी तक्रार नाही.

संयोजकांनी फोन करून विचारलं, ‘निवृत्तीनंतर काय करतोस ते सांग.’ मी म्हटलं, ‘चहा करतो.’ पलीकडून लगेच, ‘अमृततुल्य टाकलंस की काय?’ नाही. मी करतो तो चहा माणसांनी प्यायचा नाही, झाडांनी प्यायचा आहे. त्याला हल्ली गच्चीवर बाग करणारे लोक कंपोस्ट टी म्हणतात. मी त्याला खताचा चहा म्हणतो. आणि त्यासाठी लागणारं कोमट पाणी मी उन्हावर तापवतो. आता एवढ्याशा गोष्टीवर वीस मिनिटं काय बोलणार, असं तुम्हाला वाटत असेल. मलाही वाटलं होतं. पण ही गोष्ट सुरू होते ती आपल्याच वर्गातून, म्हणून सांगतो.

सन २०००. आपण पंचवीस वर्षांनी पहिल्यांदा भेटलो होतो. तेव्हा जेवताना माझ्या शेजारी आपला फुरसुंगीचा मित्र बसला होता. तो मामाकडे राहून आपल्या शाळेत शिकला. सुट्टीहून येताना तो शेतातल्या ओल्या शेंगा आणायचा आणि आपण त्या तासाला बाकाखाली सोलायचो, हे बाई, तुम्हाला तेव्हाच माहीत होतं, याची मला आज खात्री आहे. मी त्याला सहज विचारलं, ‘काय रे, शेंगा होतात का अजून?’ तो म्हणाला, ‘शेंगांचं सोड. आमच्या विहिरीचं पाणी आता जनावरंही तोंडाला लावत नाहीत.’

उरुळी देवाची आणि फुरसुंगी. पुण्याच्या कचऱ्याचे डोंगर तिथे उभे राहिले. ओला कचरा कुजून त्यातून काळं पाणी झिरपतं, ते जमिनीत जातं आणि जमिनीतून विहिरीत. पुढे गावकऱ्यांनी किती वेळा कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, ते आपण पेपरात वाचलं. गाड्या अडल्या की पेठांतल्या कुंड्या भरून वाहायच्या आणि आपण नाकाला रुमाल लावून म्हणायचो, ‘या गावकऱ्यांचं काहीतरी करायला पाहिजे.’ मीही म्हणायचो. माझ्या मित्राची विहीर तिथे आहे हे माहीत असून म्हणायचो.

त्या दिवशी जेवताना मी मान हलवली, ‘वाईट आहे रे’ म्हटलं आणि श्रीखंड वाढून घेतलं. त्यानंतर एकोणीस वर्षं मी काहीही केलं नाही. बँकेत होतो, बदल्या होत्या, मुलींची शिक्षणं होती. ही सगळी कारणं खरी आहेत आणि त्यांतलं एकही पुरेसं नाही.

२०१९ मध्ये निवृत्त झालो. महिनाभरात आमच्या सौभाग्यवतींनी मला स्वयंपाकघरातून हद्दपार केलं आणि गच्चीचा मार्ग दाखवला. गच्चीवर तिच्या पंधरा-वीस कुंड्या होत्या आणि सोसायटीचा ओल्या कचऱ्याचा एक हौद होता. आमची सोसायटी चोवीस बिऱ्हाडांची. पुण्यात सौर ऊर्जा, गांडूळखत, पावसाचं पाणी साठवणं असे प्रकल्प केले की मिळकत करात पाच ते दहा टक्के सवलत मिळते. त्या सवलतीसाठी हौद बांधला होता. हौदात कचरा पडत होता, पण खत होत नव्हतं. त्याला वास येत होता. सभेत दर वेळी एकच ठराव, ‘हौद बंद करावा.’ मी उभा राहिलो आणि म्हटलं, ‘एक वर्ष माझ्याकडे द्या.’ का म्हटलं? मनात विहीर होती, दुसरं काही नाही.

खत करायला मी शिकलो. त्यात मोठी विद्या नाही. ओल्या कचऱ्याच्या दुप्पट वाळलेली पानं घालायची, आठवड्याला हलवायचं, हवा खेळती ठेवायची. पानांसाठी वणवण करावी लागत नाही. पुण्यात ब्राऊन लीफ नावाचा उपक्रम आहे, पानं जाळू नका, ज्याला हवीत त्याला द्या, एवढं सोपं काम ती मंडळी करतात. चार महिन्यांत काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसासारख्या वासाचं खत हातात आलं. पण चोवीस घरांच्या कचऱ्यातून खत निघतं किती आणि आमच्या कुंड्या किती! पोती भरून गच्चीवर राहिली. लोकांना म्हटलं, ‘घेऊन जा.’ लोक म्हणाले, ‘काका, कचराच तो. घरात कशाला?’

तेव्हा मी खताच्या चहाबद्दल वाचलं. कल्पना अशी की खताची खरी श्रीमंती त्यातल्या जिवाणूंत आणि बुरशीत आहे. खताची पुरचुंडी पाण्यात सोडायची, त्या पाण्यात एक दिवस हवा खेळवायची, म्हणजे ते जीव पाण्यात उतरतात, वाढतात आणि मग ते पाणी झाडांच्या मुळाशी द्यायचं. अमेरिकेतल्या एलेन इंगहॅम या मृदाशास्त्रज्ञ बाईंनी याचा खूप प्रसार केला. आपल्याला हे अगदीच परकं नाही. आपले शेतकरी शेणाचा काला देतच आले आहेत. सुभाष पाळेकरांचं जीवामृत तर आता घराघरांत माहीत आहे: दोनशे लिटर पाणी, शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती. त्याहून जुनं म्हणजे सुरपालाच्या वृक्षायुर्वेदातलं कुणपजल. त्या ग्रंथाची प्रत ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात होती. ती डॉ. य. ल. नेने यांनी मिळवली आणि डॉ. नलिनी साधले यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या कृतीत एक गोष्ट माझ्या नजरेत भरली. मिश्रणाचं मडकं उबदार जागी ठेवायला सांगितलं आहे. हजार वर्षांपूर्वीच्या माणसालाही कळलं होतं की या कामाला ऊब लागते.

मला मात्र ते कळायला एक डिसेंबर जावा लागला.

पावसाळ्यात माझा चहा झकास झाला. डिसेंबरात बिघडला. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे पारा अकरा-बारा अंशांवर येतो. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी सकाळी सतरा अंशांचं. या पाण्यात चोवीस तासांत काही होईना. जिवाणू म्हणजे आपल्यासारखेच, थंडीत पांघरुणातून बाहेर निघत नाहीत. ढोबळमानाने तापमान दहा अंशांनी उतरलं की त्यांचं काम निम्म्यावर येतं.

मग मी काय केलं? गच्चीवर सोसायटीचा सोलर बंब आहे. त्याचा नळ सोडला, बादली भरली आणि खताची पुरचुंडी त्यात बुडवली. पाणी साठ अंशांचं असणार. वाफा येत होत्या. मला वाटलं, वा, काय फक्कड चहा होतोय! दुसऱ्या दिवशी बादलीत नुसतं तपकिरी पाणी होतं आणि त्याला शिळ्या आमटीसारखा वास येत होता. जे जीव वाढवायला निघालो होतो, त्यांनाच मी उकडून काढलं होतं.

आणि तेव्हा मला आपले शास्त्राचे सर आठवले. सर, तुम्ही समोर बसला आहात म्हणून नाही सांगत. नववीत प्रयोगशाळेत मी कॅलरीमापीतलं पाणी थर्मामीटरने ढवळलं आणि थर्मामीटर फोडला. पाऱ्याचे गोळे फरशीवर पळत होते आणि अर्धा वर्ग ते पकडायला धावला. तुम्ही पहिल्यांदा काय म्हणालात, तर ‘पाऱ्याला हात लावू नका.’ दुसऱ्यांदा म्हणालात, ‘थर्मामीटर ढवळायला नसतो, मोजायला असतो.’ रागावला नाहीत. पण मी आयुष्यभर ढवळतच राहिलो, मोजलं नाही. म्हणजे बँकेत पैसे मोजले, ते वेगळं.

मग मी लक्ष्मी रोडवर जाऊन एक साधा थर्मामीटर आणला आणि वही केली. सरांनी शिकवलेलं सूत्र आठवलं: गरम वस्तूने गमावलेली उष्णता म्हणजे गार वस्तूने मिळवलेली उष्णता. मला वीस लिटर पाणी सव्वीस अंशांचं हवं. बंबाचं पाणी साठ अंश, टाकीचं सतरा. किती-किती घ्यायचं? वहीत गणित मांडलं. उत्तर आलं, चार लिटर गरम आणि सोळा लिटर गार. मोजून मिसळलं, थर्मामीटर घातला आणि पारा सव्विसावर थांबला. अहो, पासष्टीला आलेला माणूस गच्चीवर एकटाच टाळ्या वाजवत होता. दहावीला त्याच गणिताला मला पाचापैकी दोन मार्क होते.

सव्वीसच का, तेही सांगतो. ऊब वाढली की जिवाणूंचं काम वाढतं, पण पाण्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो. वीस अंशांना लिटरभर पाण्यात साधारण नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांना साडेसात. म्हणजे जेवणारी तोंडं वाढतात आणि ताटं कमी होतात. प्राणवायू संपला की हवेवाचून जगणारे जिवाणू माजतात आणि पाणी घाण मारतं. म्हणून फार गारही नको, फार गरमही नको. वीस ते अठ्ठावीसच्या मधे कुठेतरी. बाळाच्या आंघोळीच्या पाण्याहूनही निवत.

गणित सुटलं, पण सोसायटी सुटली नाही. तिसऱ्याच दिवशी निरोप आला, ‘सगळ्यांच्या आंघोळीचं गरम पाणी काका झाडांना घालतात.’ मी वही घेऊन समितीपुढे गेलो. चार लिटर, आठवड्यातून एकदा. म्हणजे एका माणसाचे दोन तांबे. कुणी ऐकलं नाही. पुणेकर तत्त्वासाठी भांडतो, तांब्यासाठी नाही. आणि खरं सांगायचं तर त्यांचं तत्त्व बरोबर होतं. बंब सगळ्यांचा होता. ऊन मात्र कुणाच्या नावावर नव्हतं.

मग मी जुन्या बाजारात गेलो. खिडकीची एक काच घेतली. भंगारातल्या प्लायवूडची पेटी ठोकली, आतून फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल लावला. पंधरा किलो तेलाचा पत्र्याचा डबा बाहेरून काळा रंगवला आणि आत आडवा ठेवला. वर काच. पेटीचं तोंड दक्षिणेला आणि काच तेहतीस अंशांनी तिरकी, कारण पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे आणि हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, तेव्हा अक्षांशात आणखी पंधरा मिळवायचे असतात. खर्च सातशे रुपयांच्या आत. त्यातले शंभर बायकोने ‘हे काय घेऊन आलात’ म्हटल्यावर रिक्षावाल्याला परत पाठवण्यात गेले असते, पण तो थांबला नव्हता.

आता हिशेब बघा. निरभ्र दुपारी एका चौरस मीटरवर साधारण हजार वॉट ऊन पडतं. माझी काच दोन चौरस फुटांची. कडेकडेचा वेळ धरून सरासरी दीडशे वॉट आत येतात, त्यातले निम्मे काच, वारा आणि माझी सुतारकी खाते. उरलेल्या निम्म्यात पंधरा लिटर पाणी सतरावरून तीस-एकतीसवर जायला तीन-साडेतीन तास लागतात. साडेअकराला डबा भरून ठेवायचा, तीनला काढायचा. त्यात पाच लिटर गार पाणी घातलं की बादली सत्तावीसवर. पुण्याच्या हिवाळ्यात आणखी काय पाहिजे? आकाश स्वच्छ असतं, ऊन भरपूर असतं आणि दुपारी एक ते चार या वेळात पुणेकर ते वापरत नाही, झोपतो.

रात्रीचा प्रश्न राहिला. तीनला सत्तावीसवर असलेली बादली पहाटेपर्यंत चौदावर उतरायची. आईची एक जुनी गोधडी होती, ती बादलीभोवती गुंडाळली. तरी पुरेना. तेव्हा रात्री नऊला घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात माझ्याच घरच्या नळाचं दोन लिटर गरम पाणी भरून तो डबा बादलीत सोडायला लागलो. साठ अंशांचे दोन लिटर वीस लिटरांना तीन-साडेतीन अंशांनी वर नेतात आणि गरम पाणी जिवाणूंच्या अंगावर पडत नाही. सर्दी झाल्यावर आपण छातीशी गरम पाण्याची पिशवी धरतो, तसंच.

कृती थोडक्यात सांगतो, कारण मघापासून दोघींनी कागद काढलेला दिसतो. वीस लिटर कोमट पाणी. नळाचं असेल तर आधी एक दिवस उघडं ठेवायचं, म्हणजे त्यातलं क्लोरीन उडून जातं. नाहीतर जंतू मारायला घातलेलं क्लोरीन आपल्या जिवाणूंनाही मारतं. पूर्ण मुरलेलं एक किलो खत जुन्या पंचात बांधून सोडायचं. माशांच्या टाकीला लावतात तो हवेचा छोटा पंप चोवीस तास चालू. दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर मुळाशी घालायचं, तेही पंप बंद केल्यापासून तीन-चार तासांत. मातीचा वास आला तर घाला. घाण वास आला तर कुंडीला नको, परत हौदात ओता.

आता माझी दुसरी चूक. ही पहिल्यापेक्षा मोठी होती.

यश डोक्यात गेलं की माणूस सुधारणा करतो. जीवामृतात गूळ असतो, म्हणून मीही चहात गूळ घालायला लागलो. फेस काय यायचा! नातीसाठी लावलेल्या पालकावर, कोथिंबिरीवर मी तो पंपाने फवारायचो आणि ती पोर येता-जाता पानं खुडून तोंडात टाकायची. हे मी मोठ्या अभिमानाने आपल्या वर्गातल्या त्या मैत्रिणीला फोनवर सांगितलं, जी पुढे सूक्ष्मजीवशास्त्राची प्राध्यापिका झाली. पहिल्या बाकावर बसायची आणि मॉनिटर असताना फळ्यावर माझं नाव लिहायची, तीच. ती शांतपणे म्हणाली, ‘तुझ्या हौदाच्या आत तापमान किती जातं?’ मी म्हटलं, ‘मोजलं नाही.’ ती म्हणाली, ‘मग त्यात काय मेलं आणि काय जगलं, तुला काय माहीत?’

मोठ्या ढिगात आतलं तापमान पंचावन्न अंशांवर जातं आणि काही दिवस तिथे राहिलं तर रोगजंतू मरतात. आमचा हौद लहान, तो तेवढा तापतच नव्हता. आणि अशा खताच्या पाण्यात गूळ किंवा काकवी घातली की चांगल्यांबरोबर ई. कोलाय, साल्मोनेलासारखे वाईट जंतूही पोसले जाऊ शकतात, हे अमेरिकेत प्रयोगांनी दाखवलं गेलं आहे. ‘तू गूळ कुणाला वाढतोयस, याची पंगतीत तपासणी केलीस का?’ तिने विचारलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. नातीला काही झालं नाही. पण ते माझ्या शहाणपणामुळे नाही झालं, असं नाही. ते नशिबाने झालं नाही.

तेव्हापासून माझे नियम असे: गूळ नाही. कच्च्या खायच्या पानांवर फवारणी नाही. फक्त मुळाशी, मातीत. बादली, पंप, पंचा दर वेळी घासून उन्हात वाळवायचे. आणि हौदात लांब दांडीचा थर्मामीटर. बाई, फळ्यावर पुन्हा माझं नाव लिहिलंत, आभारी आहे.

तिनेच पुढचा प्रश्नही विचारला, ‘तुझ्या चहाने खरंच काही होतं का?’ सगळीकडे प्रयोग झालेत, त्यांचे निकाल सारखे नाहीत. काही ठिकाणी रोग कमी झाले, काही ठिकाणी काहीच फरक पडला नाही. मी टोमॅटोच्या अठरा कुंड्या मांडल्या. सहांना नुसतं पाणी, सहांना चहा, सहांना वरून मूठभर खत. श्रीपाद दाभोलकरांचा प्रयोग परिवार आठवा. गणिताचा हा प्राध्यापक शेतकऱ्यांना सांगायचा की पानावर पडणाऱ्या उन्हाचा हिशेब मांडा आणि दुसऱ्याचं ऐकण्याआधी स्वतः करून बघा. मी करून बघितलं. नुसत्या पाण्यापेक्षा चहाच्या कुंड्या डोळ्यांना दिसतील एवढ्या बऱ्या होत्या. पण चहाच्या आणि मूठभर खताच्या कुंड्यांत मला काही फरक दिसला नाही. म्हणजे पेटी, काच, तेहतीस अंश, गोधडी, एवढं सगळं करून जे मिळालं, ते मूठभर खत टाकूनही मिळालं असतं.

हसा, हसा. बायकोही हसली.

मग मी हे का करतो? ते सांगायलाच उभा आहे.

खत कुणी घरी नेत नव्हतं, कारण तो कचरा होता. चहा मात्र लोकांना हवा होता. रविवारी संध्याकाळी मी गच्चीवर बादली घेऊन बसायला लागलो आणि माणसं बाटल्या घेऊन यायला लागली. कुणाचा तुळशीला, कुणाचा गुलाबाला. मी एकच अट घातली, ज्याचा ओल्या कचऱ्याचा डबा नीट, त्याला बाटली. प्लास्टिक दिसलं तर बाटली नाही. दोन वर्षं मी सूचना फलकावर लिहीत होतो, ‘कचरा वेगळा करा’, आणि कुणी करत नव्हतं. बाटलीसाठी केलं. आमच्याकडे कचरा घ्यायला स्वच्छ संस्थेच्या ताई येतात. कचरावेचकांची ही स्वतःची सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेबरोबर काम करते. त्या ताई एक दिवस मला म्हणाल्या, ‘काका, आता तुमच्या बिल्डिंगीत हात घालताना भीती नाही वाटत.’ याआधी त्यांना रोज भीती वाटत होती, हे मला तेव्हा कळलं. त्या रोज माझ्या दारात येत होत्या.

आमच्या हौदाला आता वास येत नाही. आमच्या चोवीस घरांतला ओला कचरा गच्चीवरच राहतो, तो कुठल्याही गावाला जात नाही. त्याचं श्रेय चहाला नाही, सूर्यालाही नाही. पण माणसं गच्चीवर आली ती त्या काचेच्या पेटीत काय चाललंय ते बघायला. लहान मुलं तर थर्मामीटर वाचायला भांडतात. मी त्यांना वाचू देतो, ढवळू देत नाही.

मागच्या महिन्यात आपला फुरसुंगीचा मित्र घरी आला होता. त्याला गच्चीवर नेलं. त्याने बादलीत हात घालून पाणी ओंजळीत घेतलं, वास घेतला आणि म्हणाला, ‘मातीचा येतोय.’ मला वाटलं, झालं, पंचवीस वर्षांनी परीक्षा पास झालो. मग त्याने कठड्यावरून समोर बघितलं. आमच्या गच्चीवरून निदान चाळीस इमारती दिसतात. त्याने विचारलं, ‘आणि या?’

मित्रा, तू चौथ्या रांगेत बसला आहेस. तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही पूर्ण नाही. पण एका इमारतीचं सांगू शकतो. आपल्या शाळेचं.

मघाशी येताना पाहिलंत ना, मैदानाच्या कडेला पानांचा ढीग होता आणि राखेचा काळा डाग होता. आपण शिकत होतो तेव्हाही तिथेच जाळायचे. मुख्याध्यापक बाईंशी मी बोललो आहे. मैदानाच्या कोपऱ्यात पानांसाठी दोन जाळीचे हौद आणि प्रयोगशाळेच्या गच्चीवर दक्षिणेला तोंड करून काचेची एक पेटी, एवढी आपल्या बॅचची भेट असावी असं मला वाटतं. डब्यातल्या ओल्या कचऱ्याचं बघायला दर शनिवारी मी येईन. पेटी मुलांनीच ठोकावी. माझ्याइतकी वाईट कुणीच ठोकणार नाही. मुलांना कॅलरीमापीचं गणित वहीत असतंच, ते त्यांनी गच्चीवर सोडवावं.

आणि सर, हे दोन थर्मामीटर. पाऱ्याचे नाहीत, आत लाल द्रव आहे. एक प्रयोगशाळेसाठी. दुसरा मी १९७४ मध्ये फोडलेल्याच्या बदल्यात.

जेवायला उशीर केला, क्षमा असावी. पानात काही टाकू नका. टाकलंत तर वाटीत काढून माझ्याकडे द्या, पिशवी आणली आहे.